एक वीत वर

कन्ना चौकातल्या दुकानात शिवशरणप्पानं
चार पाईप काउंटरवर टाकले, सापाची वेटोळी टाकावीत तसे.
काळा, हिरवा, पारदर्शक,
आणि एक पिवळा, पोटात दोऱ्याची जाळी असलेला.

पारदर्शक बरा, मी म्हणालो, पाणी दिसतं.
"शेवाळंबी दिसतंय की ओ, दोन महिन्यांत.
ऊन आत शिरतंय."
हिरवा स्वस्त होता. नाकाशी धरला,
नव्या गमबुटाचा वास.
"माशांसाठी घेऊलालाव? मग नको.
ह्यानं झाडं जगतेत. माशांचं मी सांगत न्हाई."

पिवळा मी अंगठ्यानं दाबून पाहिला.
उभा धागा, आडवा धागा, माझं आयुष्य त्यातच गेलं,
पण ही वीण तिरकी होती, वेणीसारखी,
दाब आला तरी फुगू नये म्हणून.
आमच्या चादरीवर असा दाब कधी आला नाही.
आला तो वेगळा, आणि त्याला वीण पुरली नाही.

अर्धा इंची की पाऊण?
पाऊण लवकर भरतो.
माशांना लवकर नको असतं.
धार बारीक असली की
पावडरीचा वास वाटेतच उडतो थोडा.

हौद रंगाचा आहे.
कारखाना विकला गेला, मागचा हौद माझ्याकडे राहिला.
किरमिजी, मोरपंखी, जर्द,
ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी तो कोपरापर्यंत.
सात वेळा भरला, सात वेळा ओतला.
आठव्या पाण्यात दोन गप्पी सोडले. ते जगले.
आता नऊ मासे आहेत, त्यातला एक
हुबेहूब आमच्या चोवीस नंबरच्या केशरीचा.
ती छटा नंतर कुणाला जमली नाही.

राजमणी म्हणते,
माणसांना पाचव्या दिवशी पाणी, आणि तुमच्या माशांना?
खरंय तिचं.
पण वैशाखात हौद रोज दोन बोटं उतरतो,
कुणी न पिता.

मागच्या वर्षी जुना पाईप होता.
आवाज नको, गल्ली झोपलीय, म्हणून
त्याचं तोंड मी हौदाच्या तळाशी दगडाखाली दाबलं.
पाणी आलं तीन दहाला.
मी पायरीवर बसलो, आणि बसल्या बसल्या गेलो.
जाग आली तेव्हा मासे घोट्याएवढ्या पाण्यात
एकमेकांच्या अंगावर.
नळाचा दाब गेला होता, आणि पाणी आल्या वाटेनं
मागे ओढलं गेलं होतं.
दिलेलं शहरानं परत नेलं, वर
थोडं माझंही.

सकाळी रंगम्मा माठाचं फडकं घेऊन दारात.
फडक्यावर एक खवला,
केशरी, चमकणारा.
हे काय?
टिकली असेल, मी म्हणालो.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग हौदाकडे, मग फडकं झटकून गेली.

म्हणून आता पाईपचं तोंड
पाण्याच्या वर एक वीत, काठाला तारेनं बांधलेलं.
आवाज होतो. होऊ दे.
हवा मधे असली की मागे ओढलं जात नाही काही,
शिवशरणप्पानं हे चौदा रुपयांच्या क्लिपा मोजता मोजता सांगितलं,
जणू क्लिपांबरोबर फुकट येतं.

नळापासून हौदापर्यंत वळण धरून पस्तीस फूट.
मी चाळीस घेतला.
दिवसभर अंगणात तापलेल्या पाईपमधलं पहिलं पाणी
रात्री तीनलाही कोमट असतं.
ते राजमणीच्या मोगऱ्याला.
हाताला गार लागलं की मग टोक हौदावर.

काल रात्री धार पडायला लागली,
टपटप नव्हे, एकसारखी, पत्र्यावर मूग ओतावेत तशी.
समोरचा दिवा लागला. मग त्यापलीकडचा.
रंगम्मा हंडा कमरेवर घेऊन बाहेर आली,
आवाज ऐकूनच कळलं म्हणाली, पाणी आलं ते.
जाता जाता हौदाशी थांबली,
वाकून एकेक मासा पाहिला,
आणि मला विचारलं,
"आज टिकली कुणाची पडली न्हाई ना?"